पंचाण्णव मिलिमीटर

सकाळी चमच्यांचा खण अडकला. तसा तो रोजच अडकतो, पण रोज तो बायको उघडते, मधोमध धरून, दोन्ही हातांनी. आज तिचे हात कणकेत होते आणि माझ्या एका हातात चहाचा कप होता, म्हणून मी डाव्या कोपऱ्याला धरून ओढला. खण दोन बोटं पुढे आला, किंचित तिरका झाला आणि बसला. आत जाईना, बाहेर येईना. मी जोर लावला तसा तो आणखीच घट्ट झाला. मग मी वैतागून खालून तळहाताने एक ठोसा दिला आणि खण एकदम सुटला, चमचे-सुऱ्यांसकट माझ्या पायावर आला. "एका बाजूने ओढू नकोस म्हणून किती वर्षं सांगतेय," बायको म्हणाली, "खण रुंद आहे आणि आत लांबीला आखूड आहे, तो तिरका होणारच. मशिनं काढतोस ना तू?" ती हसत होती. मी खाली वाकून चमचे गोळा करत होतो आणि अर्ध्यातच माझा हात थांबला. रुंद आणि आखूड. कोपऱ्यात ओढ. मध्येच बसणं, खालून हात घालणं, एकदम सुटणं. चहा तसाच ठेवून मी निघालो. बायकोने विचारलं, लागलं का रे पायाला? मी नाही म्हटलं, आणि पाय ठणकतोय हे मला रस्त्यावर आल्यावर कळलं.

कारखान्यात मला मिलिमीटर म्हणतात. तोंडावर साहेब, पाठीमागे मिलिमीटर. मला हे नाव आवडतं, हे मी कोणाला सांगितलेलं नाही. सव्वीस वर्षं मी इथे मशिनांची ड्रॉइंगं काढतोय आणि या सव्वीस वर्षांत माझं एकही मशिन परत आलेलं नाही. आज दुपारी तीनला एक मशिन ट्रकवर चढणार होतं. काचेच्या कारखान्यात जाणारं, दिसायला अगदी साधं. दोन उभे गुळगुळीत लोखंडी खांब, त्यांच्यावर वरखाली सरकणारी एक गाडी, गाडीला पुढे जोडलेलं टेबल. खाली काचांची खोकी टेबलावर ठेवायची, बटण दाबायचं, पट्टा गाडीला वर ओढतो, वर खोकी उतरतात, रिकामी खोकी टेबलावर ठेवून ते पुन्हा खाली. गाडी खांबांवर ज्याच्या आधाराने सरकते ते बेअरिंग म्हणजे एक नळीच असते, खांबावर चढवलेली. ती नळी ज्या धातूच्या ठोकळ्यात बसवतात तो ठोकळा म्हणजे हाउसिंग. बघणाऱ्याला मोटर दिसते, पट्टा दिसतो. हाउसिंगकडे कोणी बघत नाही. मी बघतो. या मशिनसाठी मी तीन आठवडे कॅटलॉग उशाशी घेऊन झोपलो होतो असं म्हटलं तरी चालेल.

चालता चालता मी ती निवड पुन्हा पहिल्यापासून करून पाहिली. दार लावलं का हे आठवण्यासाठी माणूस मनातल्या मनात घरभर फिरून येतो ना, तसं. खांब दोन्ही टोकांना पकडलेले, म्हणून पूर्ण बंद हाउसिंग, खालून उघडं नको. बरोबर. काचेची धूळ फार, तिच्यात गोळ्यांचं बेअरिंग चार महिन्यांत किरकिरायला लागेल, म्हणून आत गोळ्या नसलेलं, साधं घसरणारं अस्तर. बरोबर, आणि त्यासाठी मी मॅनेजरशी तासभर भांडलो होतो. बिडाचं जड हाउसिंग की ॲल्युमिनियमचं हलकं? हलकं. हेही बरोबर. मग लांबी. पहिल्या ड्रॉइंगमध्ये मी लांब हाउसिंग घेतलं होतं, एकशे पंच्याऐंशी मिलिमीटर, आत एकामागे एक दोन नळ्या मावणारं. आणि दुसऱ्या ड्रॉइंगमध्ये ते खोडून आखूड घेतलं. एका नळीचं, नव्वद मिलिमीटर. इथे मी चौकात उभा राहिलो. मागून येणारा सायकलवाला मला काहीतरी बोलून गेला.

ते खोडलं कारण ती बाई. काच कारखान्यात मी मापं घ्यायला गेलो होतो तेव्हा खोकी उचलणारी बाई मला भेटली. पन्नाशीची असेल, माझ्याहून थोडी लहान. तिथला सुपरवायझर मला उंचीचे आकडे सांगत होता, आणि ती मध्येच म्हणाली, "आकडे राहू द्या हो, उचलायचंय मला. इथे बघा." तिने आपला हात गुडघ्याच्या खाली धरला. "टेबल इथवर खाली आलं तर खोकं नुसतं सरकवायचं. याच्यावर राहिलं तर उचलावं लागतं. दिवसाला तीनशे खोकी. तुम्हीच काढा हिशोब माझ्या पाठीचा." सुपरवायझर हसला. मी हसलो नाही. ज्या हाताने ती उंची दाखवत होती त्या हातमोज्याचं करंगळीशेजारचं बोट मुडपून शिवलेलं होतं. फाटला असेल, असं मी मनात म्हटलं आणि उंची लिहून घेतली. परत येऊन बघतो तर माझं टेबल तिच्या हातापेक्षा पंचाण्णव मिलिमीटर वर थांबत होतं. खांबांची लांबी ठरलेली, त्यांची ऑर्डर गेलेली. वरची उंची हलवता येत नव्हती. मग उरली गाडी. गाडी जेवढी लांब तेवढी खांबाची लांबी ती खाते. लांबच्या जागी आखूड हाउसिंग घातलं की बरोबर पंचाण्णव मिलिमीटर सुटत होते. एकशे पंच्याऐंशी वजा नव्वद. देवानेच वजाबाकी करून ठेवल्यासारखी. त्या दिवशी मी जेवायला घरी आलो तो शीळ घालत. बायकोला म्हटलं, एका बाईची पाठ वाचवली आज. वजन पेलेल का, हे मी तपासलं होतं, दुप्पट पेलत होतं. पण टेबल पुढे किती आलंय आणि गाडी किती आखूड झालीय, यांचा एकमेकांशी काय मेळ आहे, ते बघितलं नव्हतं. म्हणजे शिकवताना मी पोरांना पहिल्याच दिवशी सांगतो ते. भार जितका लांब, त्याच्या निम्मी तरी पकड हवी. टेबलाच्या पुढच्या कडेपर्यंत साडेतीनशे. पकड नव्वद.

नऊ वाजता मी मशिनपुढे उभा होतो. ते निळं रंगवलेलं, पुसलेलं, खांब तेलाने चकाकताहेत. आणि मला एकदम हायसं वाटलं, कारण हे मशिन दोनशे वेळा वरखाली झालं होतं. चाचणीच्या कागदावर सही होती. ऐंशी किलोचं वजन ठेवून दोनशे वेळा, एकदाही न अडकता. मग मी उगाच का मरतोय? मी टेबलाला हात लावला. गार होतं. फिटरमामा पलीकडे दुसऱ्या मशिनचे बोल्ट आवळत होते. त्यांना सगळे मामा म्हणतात, त्यांच्याहून मोठी माणसंसुद्धा. त्यांनी मान वर करून पाहिलं आणि पुन्हा खाली घातली. मी म्हटलं, "मामा, चाचणीला वजन कुठे ठेवलं होतं?" ते म्हणाले, "नेहमीच्या जागी." नेहमीची जागा म्हणजे टेबलावर, खांबांच्या अगदी लगत. आमच्या क्रेनचा हुक एकाच रेषेत फिरतो आणि मशिन उभं करायची जागाही ठरलेली आहे, त्यामुळे वजन उतरवलं की ते आपोआप खांबांना चिकटून बसतं. सव्वीस वर्षं सगळी वजनं तिथेच बसली आहेत. तिथे ठेवलेलं वजन गाडीला तिरकी करतच नाही. पण ती बाई खोकं ठेवणार समोरून, हात पोचेल तिथे, म्हणजे कडेला. खण कोपऱ्याला धरून ओढावा तसं. आणि तरीही, मी स्वतःला म्हटलं, कदाचित चालेल. तेल आहे. तेल असलं की पुष्कळ गोष्टी चालतात.

बारापर्यंत मी वर माझ्या जागेवर बसून आकडे मांडले आणि खोडले. आकडे सांगत होते की तेल असेल तोवर चालेल आणि कोरडं पडलं की बसेल. किती दिवसांत कोरडं पडेल, ते आकडे सांगत नव्हते. या वेळात मला बाबा आठवत राहिले. मी नऊ वर्षांचा असताना बाबा औषधाच्या दुकानात पुड्या बांधायचे. एका दुपारी ते जेवायला आले, हात धुतले आणि तसेच ओल्या हातांनी मोरीत उभे राहिले. आईला म्हणाले, मघाशी त्या म्हाताऱ्याला बहुतेक दुसऱ्याच बाटलीतलं दिलं. बहुतेक म्हणजे? आईने विचारलं. त्यांना सांगता येईना. म्हाताऱ्याचं घर गावाच्या दुसऱ्या टोकाला. बाबांनी सदरा घातला, गुंड्या लावल्या, चपला घातल्या आणि दारात उभे राहिले. किती वेळ ते आता सांगता येणार नाही, पण मला तेवढ्यात दोनदा तहान लागली. आई म्हणाली, जायचं तर जा, नाहीतर पानावर बसा, भात गार होतोय. बाबांनी चपला काढल्या. आठवड्याने म्हातारा दुकानात आला, ठणठणीत. काही झालं नाही. बाबा हे पुढे अनेकदा म्हणायचे, कुठल्याही विषयावरून, एकदम, मान हलवून, काही झालं नाही. पण त्या दिवसापासून ते प्रत्येक पुडीतल्या गोळ्या तीनदा मोजायला लागले, आणि मग चारदा, आणि मालकाने त्यांना शेवटी मागच्या खोलीत खोकी लावायला बसवलं. माणूस आपल्या बोटांवरचा विश्वास गमावतो म्हणजे काय, ते मी आमच्याच घरात पाहिलंय. मी बाबांवर चिडायचो. जायचं होतं ना, असं त्यांच्या पाठीला म्हणायचो. तोंडावर कधी म्हणालो नाही.

साडेबाराला सगळे जेवायला गेले. मी खाली आलो. वजन टेबलावर खांबांच्या लगतच पडलेलं होतं. पहार घेऊन मी ते इंच इंच ढकलत पुढच्या कडेला आणलं. घाम आला. टेबलाखाली एक लाकडी फळी ठेवली आणि बटण दाबलं. टेबल वर गेलं. दुसरं बटण. टेबल खाली आलं, लोण्यासारखं. पुन्हा वर, पुन्हा खाली. चार वेळा मी हे केलं आणि चारही वेळा ते सुरळीत आलं. आता खरं सांगायचं तर चौथ्या खेपेला मी आनंदाने जवळजवळ ओरडलो. झालं. कडेला वजन ठेवून पण चालतंय. कोणी विचारलं तर सांगता येईल, मी स्वतः कडेला ठेवून पाहिलं होतं. ते खोटंही नसेल. मी पहार जागेवर ठेवली, रुमालाने हात पुसले, आणि रुमालावर तेलाचा डाग बघत राहिलो. काचेची धूळ तेल पिते. पंधरा दिवस, महिना. तिथे आमच्यासारखा कोणी रोज खांबांना तेल लावणार नाही. दारात उभे असलेले बाबा मला दिसले, त्यांच्या गुंड्या लावलेल्या सदऱ्यासकट. मी चिंधी शोधायला लागलो.

आपणच काढलेल्या मशिनचं तेल पुसणं म्हणजे आपल्याच लेकराला उपाशी ठेवून त्याची परीक्षा घेणं. मी पहिला खांब रॉकेलच्या चिंधीने वरपासून खालपर्यंत पुसला आणि तो निस्तेज, राखाडी दिसायला लागला. मागे पावलं वाजली. फिटरमामा डबा धुऊन आले होते. एक कोरडी चिंधी घेऊन त्यांनी दुसरा खांब पुसायला घेतला. "हाउसिंगच्या आतलं पण काढा," थोड्या वेळाने ते म्हणाले, "नाहीतर तेच पुन्हा वर येतं." आम्ही दोघांनी ते आतलं तेलही काढलं. मग मी विचारलं, "मामा, तुम्हाला माहीत होतं?" ते म्हणाले, "माहीत कसं असणार? मी काय शिकलोय? बसवताना हाताला आखूड वाटलं." "मग बोलला का नाहीत?" त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "बोललो की. साहेब, आखूड वाटतंय, म्हटलं. तुम्ही मला कॅटलॉगचं पान दाखवलंत." आणि मला ते आठवलं. पान आठवलं, त्यावरचं माझं बोट आठवलं. वजन किती पेलतं त्या आकड्यावर ठेवलेलं. मामा त्या वेळी मान डोलावून गेले होते आणि मला वाटलं होतं, पटलं यांना. आता मला त्यांच्या नजरेला नजर देता येईना.

बटण मी दाबलं. टेबल वर गेलं, या वेळी कण्हत. मग खाली निघालं. अर्ध्यापर्यंत आलं आणि थांबलं. आवाज नाही, धक्का नाही, नुसतं थांबलं, वजनासकट, हवेत. मोटर चालूच होती आणि वरून पट्टा सोडत होती, आणि सैल पडलेला पट्टा गाडीच्या मागे पोट आल्यासारखा फुगत गेला. मी मोटर बंद केली. किती शांत होतं सगळं. कोणालाही वाटलं असतं, मशिन बिघडलं, बघू काय झालंय ते. आणि बघायचं म्हणजे वाकायचं, टेबलाखाली हात घालायचा, जरा खालून हलवायचं. सकाळी मी हेच केलं होतं. सव्वीस वर्षं मशिनं काढणारा मी खाली हात घालतो, तर तिने का घालू नये? मामांनी मला मागे सारलं आणि पहारीचं टोक टेबलाला वरून हलकंसं टेकवलं. टेबल सुटलं. सैल पट्ट्याइतकं, हातभर, एका क्षणात. फळी मधोमध चिरली आणि तिचा एक तुकडा भिंतीपर्यंत गेला. जेवणाच्या खोलीत कोणीतरी काय झालं रे असं ओरडलं. मामा म्हणाले, "बसा साहेब, खाली बसा." मी बसलो.

मॅनेजर आणि मी एकाच दिवशी कामाला लागलो होतो, त्यामुळे तो मला अरे-तुरे करतो. त्याने फळीचे तुकडे पाहिले, मला केबिनमध्ये नेलं आणि दार लावून घेतलं. "तेल पुसून मशिन कोण चालवतं?" तो म्हणाला. मी म्हटलं, "पुसत कोणी नाही. वाळतं." "मग लिहून देऊ, रोज तेल घाला म्हणून." "आणि एक दिवस विसरले तर?" "तर त्यांची चूक." तो हे बोलला आणि स्वतःच खिडकीकडे बघायला लागला, कारण तो वाईट माणूस नाही. "उपाय सांग," तो म्हणाला. मी सांगितला. लांब हाउसिंग, आणि त्याला पुरतील असे पंचाण्णव मिलिमीटर जास्त लांबीचे नवे खांब. सहा आठवडे. "लांब हाउसिंग घाल आणि हेच खांब ठेव. थांबू दे टेबल थोडं वर." "मग तिला उचलावं लागेल," मी म्हटलं. "कोणाला?" त्याने विचारलं. मला तिचं नावसुद्धा माहीत नव्हतं. मी माझा हात गुडघ्याखाली धरून दाखवला, तिने दाखवला होता तसा, आणि असा वाकलेला असतानाच मला रडू फुटलं. इतकं हास्यास्पद दृश्य त्या केबिनमध्ये कधी झालं नसेल. मॅनेजरने खुर्ची माझ्यापुढे सरकवली. मग म्हणाला, "ट्रकवाल्याला मी सांगतो. तिकडे फोन तू करायचास. आणि चूक कोणाची ते स्पष्ट सांगायचं, कारखान्यावर ढकलायचं नाही." "माझीच आहे," मी म्हटलं. सव्वीस वर्षांनी हे वाक्य बोलताना जीभ जड झाली, पण ते बोलता आलं.

फोन सुपरवायझरने घेतला आणि तो वैतागला. "सहा आठवडे? अहो, ती रोज विचारते मला, मशिन कधी येणार म्हणून. तुम्हीच सांगा तिला." पलीकडे काचा एकमेकींवर टेकल्याचे आवाज येत होते. मग तिचा श्वास, कुठूनतरी घाईने आल्यासारखा. "हां, बोला," ती म्हणाली. मी म्हटलं, "ताई, मी मापं घ्यायला आलो होतो तो." "ओळखलं. आज येतंय ना?" "नाही येत. सहा आठवडे लागतील. माझी चूक झाली." मी तिला सगळं सांगितलं, खणाच्या भाषेत, कारण दुसरी भाषा सुचेना. टेबल मध्येच अडकलं असतं, तुम्ही खालून हात घातला असता आणि ते एकदम खाली आलं असतं. आज नाही, महिन्या-दोन महिन्यांनी. मला वाटलं फोन बंद पडला. "ताई?" मी म्हटलं. "ऐकतेय." मग, "तुम्हाला कोणी सांगितलं अडकतं म्हणून? कोणाला लागलं का तिकडे?" "नाही. पाहिलं करून." "कोणाला लागायच्या आधीच पाहिलंत?" मी हो म्हटलं. पलीकडे पुन्हा काचांचा आवाज. "आमचं आधीचं मशिन पण असंच मध्येच थांबायचं," ती म्हणाली, "ते बनवणाऱ्यांचा माणूस आला होता नंतर. चांगला होता बोलायला. मला म्हणाला, बाई, तुम्ही हात कशाला घातलात?"

तो हातमोजा फाटलेला नव्हता. हे मला तेव्हाही दिसलं होतं. शिवण नीट होती, जपून घातलेली, आत रिकाम्या राहणाऱ्या बोटाची. मी ती पाहिली, आणि उंची लिहून घेतली, आणि शीळ घालत घरी गेलो. "ताई," मी म्हटलं तेवढ्यात तीच म्हणाली, "सहा आठवडे ना? काढते कसेतरी. पण टेबल तेवढंच खाली येईल ना, मी दाखवलं होतं तेवढं?" "तेवढंच येईल," मी म्हटलं. "मग या घेऊन," ती म्हणाली आणि फोन ठेवण्याआधी कोणालातरी ओरडून म्हणाली, थांब रे, ते खोकं मी घेते.